हर्नियाची तीन कोटेशनं

३ मार्च, सोमवार
हर्निया निघाला. कोपऱ्यावरचा सर्जन म्हणाला, याच आठवड्यात ऑपरेशन उरका, आतडं अडकलं तर जिवावर बेतेल. खर्चाचा आकडा असा सांगितला, जणू किती वाजले ते सांगतोय. मी कारखान्याचा खरेदी विभाग सांभाळतो. तीन कोटेशनं हातात आल्याशिवाय आजवर झाडूसुद्धा घेतलेला नाही. पोट काय झाडूपेक्षा स्वस्त आहे? खर्चाची फोड मागितली: दोरा केवढ्याचा, भूल केवढ्याची. तो म्हणाला, दोरा फुकट धरा, या चौकशीचेच पैसे लावतो. उद्धट माणूस.
निश्चय: बाजार मोकळा आहे. जगभर विचारायचं.

६ मार्च, गुरुवार
निरनिराळ्या देशांतल्या हॉस्पिटलांना इंग्रजीत चौकशीपत्रं पाठवली. नमुना ऑफिसचाच. उशीर झाल्यास दंड, पसंत न पडल्यास माल परत. बायकोने विचारलं, परत म्हणजे काय, हर्निया पुन्हा बसवून देणार? तिला व्यापार कळत नाही.

११ मार्च, मंगळवार
समुद्रापलीकडून एक उत्तर आलं. भाव वेबसाइटवर उघडा लिहिलेला. दोन रात्री, दुभाष्या, विमानतळावर न्यायला गाडी. सगळं मिळून सर्जनच्या निम्म्यात. याला म्हणतात बाजार. म्हणजे दोन कोटेशनं झाली. तिसरं आलं की ऑर्डर.
सकाळी देवापुढे हात जोडले. दुखणं बरं कर असं म्हटलं नाही, तो स्वार्थ झाला. तिसरं कोटेशन लवकर येऊ दे, एवढंच मागितलं.
हल्ली चालताना वाकावं लागतं. वयाबरोबर नम्रता येते, ती अशी.

१५ मार्च, शनिवार
मेहुणा येऊन गेला. म्हणे, भाऊजी, तुम्हाला डॉक्टर नको, टेंडर हवंय. विमानभाडं धरलं का, असंही विचारलं. धरलं नव्हतं. धरल्यावर निम्म्याचं पाऊण झालं. बायकोचं तिकीट आणि राहणं-खाणं धरलं तर सर्जनच्याही वर गेलं. तेव्हा एकटाच जाणार.
भाजी वाढताना बायको म्हणाली, तिकडे शुद्धीवर आलात की पाणी कोण देणार? म्हटलं, दुभाष्या आहे.

२१ मार्च, शुक्रवार, सकाळी
तिसरं अजून नाही. बायको रोज सर्जनचं नाव काढते. मी बधणार नाही. घाई करणाऱ्या गिऱ्हाइकाला बाजार लुटतो.
तयारी मात्र हवी. स्वस्त तिकिटावर सात किलोचीच बॅग नेता येते. कारखान्याच्या स्टोअरमधून वजनाचा ताणकाटा आणलाय. बॅग अडकवून, उचलून बघतो. सात किलो म्हणजे काय विशेष.

२३ मार्च, रविवार
कोपऱ्यावरच्या सर्जनकडच्या खाटेवरून लिहितोय. आतडं अडकलं होतं. बायकोने आणि मेहुण्याने उचलून आणलं. स्ट्रेचरवरूनही मी बजावलं की तिसरं आल्याशिवाय सही करायची नाही. तेवढ्यात काउंटरवरच्या बाईंनी तातडीच्या ऑपरेशनच्या खर्चाचा कागद पुढे केला. आकडा पहिल्याच्या दुप्पट. बायकोने तो माझ्या नाकासमोर धरला.
"हे बघा, आलं तुमचं तिसरं कोटेशन. आता गप्प पडून राहा."
आणि सही ठोकली.
देवाने ऐकलं, हे मान्य करायला हवं. तिन्हींत सर्वांत महाग तेच, आणि ऑर्डरही त्यालाच गेली. पण नियम मोडला नाही, हे मी सर्जनला ऐकवलं. त्याने नर्सला माझा ताप बघायला सांगितला.
शुद्ध आली तेव्हा पाणी बायकोने दिलं. चमच्याने, थोडं थोडं. दुभाष्या लागला नाही.