हरिचंदराव टॉकीजमध्ये भेटायला आले

हिंगोली,
बुधवार, १६ एप्रिल २०२५

सकाळी नळ आला. भांडी घासली. बारा ते तीन सिनेमा पाहिला. चार वाजता घरी आलो.

ती. विश्वजीतदादांना सूर्यकांतचा नमस्कार. तुमचा गुडघा आता वळत असेल, वहिनींना रात्री झोप लागत असेल. मी बरा आहे.

वरची ओळ वाचून तुम्ही थांबला असाल. ताराला जाऊन दोन महिने झाले नाहीत आणि तुमच्या धाकट्या बहिणीचा नवरा टॉकीजमध्ये. हे तुम्हाला दुसऱ्याकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून लिहितो. (फोन केला असता, पण तुमच्याकडे फोन स्पीकरवर ठेवायची पद्धत आहे.) तुमचे शेजारी हरिचंदराव इथे लेकीकडे आले आहेत, शनिवारी शिरडला पोचतील. ते खोटं काही सांगणार नाहीत, हीच काळजी आहे. तारा गेल्यावर मला आपलं म्हणायला तुमचंच घर उरलं आहे. ते एका सिनेमापायी तुटू नये.

घडलं ते असं. बुधवारी आपल्याकडे दुःखाच्या घरी कुणी भेटायला येत नाही, त्यामुळे घरात घड्याळ फार ऐकू येतं. ताराच्या मृत्यूच्या दाखल्यासाठी कचेरीत गेलो, तर साहेब जेवायला गेलेले. (साहेब साडेअकरालाच जेवतात.) ऊन मरणाचं. समोर टॉकीज, आत एसी. केवळ गारव्यासाठी तिकीट काढलं. सिनेमा कोणता ते आत गेल्यावर समजलं. हिंदीत बोलणारा एक परदेशी गडी. अंगात अफाट ताकद, पण उडायला लागला की चक्कर येते. त्यामुळे तो जग वाचवायला निघतो आणि दर वेळी कुणाच्या तरी वाळत घातलेल्या कपड्यांत पडतो.

पंधरा मिनिटांनी हरिचंदराव शेजारी येऊन बसले, मागच्या रांगेत त्यांच्या घरच्या, जनकाबाई. त्यांचं अजून भेटायला येणं झालं नव्हतं, आणि दुःख झालेल्या माणसाची पहिली भेट रीतीनंच व्हावी लागते, मग ती कुठे का आणि कुठल्या वारी का होईना. त्यांनी हातातला पॉपकॉर्नचा डबा खुर्चीखाली ठेवला (भेटायला गेलेला माणूस काही खात नाही), टोपी सारखी केली आणि विचारलं, "कसं काय झालं हो एकाएकी?" मी पहिल्या तापापासून सुरुवात केली. नांदेडच्या दवाखान्यापर्यंत आलो होतो, तेवढ्यात तो गडी चक्कर येऊन पाण्याच्या टाकीत पडला, आणि मी हसलो. बारीक नाही, मोठ्यानं. हरिचंदराव माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांचंही पोट हलायला लागलं. मागून जनकाबाई म्हणाल्या, "काहून तकलीफ देऊन राहिले त्यायला? पिक्चर पाहू द्या, न्हाई तर बाहीर जाऊन रडा दोघंबी."

इंटरव्हल झाला. भेटायला गेलेला माणूस निघताना 'येतो' म्हणत नाही. हरिचंदराव तसेच मुकाट उठले आणि मागे न बघता बाहेर गेले. दहा मिनिटांनी समोसे घेऊन परत आले, माझ्या खांद्यावर थाप मारून म्हणाले, "काय सूर्यकांतराव, तुमी कवा आलात?" भेट पुरी झाली होती, आता ते नुसते प्रेक्षक होते. पुढचा सिनेमा आम्ही दोघांनी समोसे खात, हसत पाहिला.

एवढाच गुन्हा. गेलो होतो एसीसाठी, हसू चुकून आलं. राग मानू नये.

आपला
सूर्यकांत

ता. क. दाखला मला सोमवारीच मिळाला आहे. साहेब साडेअकराला जेवत नाहीत. मी सिनेमाच बघायला गेलो होतो. ताराला असले सिनेमे आवडायचे. मी "लेकरांचं आहे ते" म्हणून दर वेळी तिला शेजारच्या पूजासोबत पाठवून द्यायचो. तिला त्यात काय दिसायचं ते बघावं म्हणून गेलो. मला सिनेमा फार आवडला, दादा. हे तिला सांगायची सोय नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

आणखी एक. तुम्ही दर रविवारी येता, आपण समोरासमोर गप्प बसतो आणि तुम्ही 'येतो' न म्हणता जाता. या रविवारी येऊ नका. बुधवारी या, बाराच्या आत. वहिनी सांगत होत्या, तुम्हीही तेव्हापासून हसलेला नाहीत. हरिचंदरावांमुळे माझा पहिला अर्धा भाग नीट ऐकायचा राहिला आहे, आणि सिनेमा पुढच्या गुरुवारपर्यंतच आहे. रडायचं ते सायकल स्टँडवर उरकून घेऊ.

आता पत्र पेटीत टाकून येतो. येताना कोथिंबीर आणायची आहे.