मणक्यातलं पाणी

नाशिक रोड

प्रिय पायल,

मागच्या आठवड्यात तू फोनवर रेवाची चौकशी केलीस आणि मी म्हणाले, "आहे तशीच." ते खोटं होतं. त्यानंतर तुझा फोन उचलायचा धीरच होत नाही, म्हणून लिहितेय.

फिजिओथेरपीच्या बाकावर आपली ओळख झाली तेव्हा तुझा मुलगा संघर्ष आणि माझी रेवा, दोघांच्याही फायलीत एकच लिहिलं होतं, जन्मताना मेंदूला इजा. मी ते मान्य करून बसले होते. तू नाही. विंचूरहून एसटीने लेकराला कडेवर घेऊन यायचीस आणि वर माझ्या मुलीकडेही लक्ष ठेवायचीस. रेवा सकाळी धरून धरून चालते आणि संध्याकाळी तिचे पाय लाकडासारखे ताठ होतात, हे डॉक्टरांना तूच सांगितलंस. मग त्यांनी दोघांचीही तपासणी करू म्हटलं. हालचालींना लागणारं डोपामिन मेंदूत किती बनतं ते थेट मोजता येत नाही, पण वापरून उरलेला त्याचा अंश मणक्यातल्या पाण्यात उतरतो, त्यावरून अंदाज बांधता येतो. पाठीत सुई म्हटल्यावर मी सरळ नको म्हणाले. आधी संघर्षचं होऊ दे, तू बघ, मग ठरव, असं तू म्हणालीस. रेवाच्या वेळी तिला पोटाशी धरून तूच बसलीस, मी बाहेर रडत होते.

रेवाचं प्रमाण खूपच कमी निघालं. संघर्षचं नॉर्मल. नॉर्मल हा शब्द वाईट बातमी असू शकतो, हे मला तेव्हा कळलं. तिच्यासाठी गोळी होती, त्याच्यासाठी नव्हती. तू माझा हात धरलास. "दोघांतल्या एकाचं तरी सापडलं," म्हणालीस. आणि मी सुटल्यासारखी रडले, तुझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

पायल, रेवा चालते. जिना एकटी उतरते, खाली मुलांमागे पळते. शेजारणी पेढे मागतात आणि मी विषय बदलते. तिला पळताना बघून हसू येतं, आणि लगेच खुर्चीत पट्ट्याने बांधून बसवलेला संघर्ष डोळ्यांपुढे येतो. जे तू शोधलंस ते माझ्या घरात आलं. याची माफी कशी मागतात, मला माहीत नाही.

रविवारी आम्ही विंचूरला यायचं म्हणतोय. रेवाने संघर्षदादासाठी हट्ट धरलाय. तुझ्या अंगणात ती स्वतःच्या पायांनी येईल, आणि ते तुला अचानक दिसू नये, एवढ्यासाठी हे पत्र. बघवणार नसेल तर तसं सांग, मला राग येणार नाही. मग मी एकटी येईन. पण येईन.

तुझीच,
संजना