रंध्याखालचा पंजा

मंगळवार, संध्याकाळ

कपाटाच्या दारासाठी पाथरीहून आणलेली जुनी सागवानी फळी आज शेडमध्ये रंधायला घेतली. वरचा रंग निघाला आणि खाली कुंकवाचा पंजा दिसला. बाईचा असावा. पुन्हा रंधा मारला, तर पंजा पुसट व्हायच्या ऐवजी जास्तच लाल झाला. असं कसं? लाकडात इतकं खोल कुंकू मुरतं का?

बायको घाबरेल म्हणून फळी उलटी करणार होतो, तेवढ्यात तीच, सुनंदा, चहा घेऊन आली. तिनं पंज्यावर हात ठेवला. बोटाला बोट जुळलं.

"गरम लागायलंय," ती म्हणाली.

मी हात लावला. फळी गारठलेली.

"उद्या परत देऊन येतो."

"न्हाई," हात न उचलता ती म्हणाली. "माझी हाय ती."

आत्ता हे लिहायलोय. ती अजून शेडमध्येच आहे, आणि मला हाक मारायचं धाडस होईना.