झेंडीची ड्युटी

१८ जून १९९७, बुधवार

समोरची योगिता आज तिसऱ्या दिवशीही शाळेत गेली नाही. दप्तर आवरलेलं, वेण्या घातलेल्या, आणि ही दारात बसून! दहा वर्षांची पोर. विचारलं तर म्हणे, "आबा, पोटात दुखतंय." पोट कसलं दुखतंय! आई घरात एकटी राहू नये म्हणून बसली आहे.

गेल्या वर्षी तिच्या आईचं, सुषमाचं, बिनसलं होतं. जेवण सोडलं, भिंतीशी बोलायची. एका दुपारी पोरीचा हात धरून चालत सुटली, ती थेट शहराबाहेर, कामरेजच्या रस्त्याला! दवाखाना झाला, गोळ्या चालू आहेत, आता बरी आहे. पण तिचा नवरा सुपडू परवा माझ्याच ओट्यावर बसून म्हणाला, "काका, परत असं व्हयनं ते पोरले गावले बहीनकडे धाडी देसू." बिचाऱ्याचंही खरं आहे, बारा-बारा तास कापडाच्या लूमवर असतो. पण मागे योगिता पाण्याचा हंडा घेऊन उभी होती. आपल्याला गावी धाडणार, हे सगळं ऐकलं तिने.

१९ जून

पेटी उघडली. तळाशी झेंड्या सापडल्या. चौतीस वर्षं उधन्याला रेल्वेत पॉइंट्समन होतो, अशा कशा टाकून देईन! योगिताला बोलावलं. हिरवी म्हणजे घरी सगळं ठीक. लाल म्हणजे आबा, धावत या. आणि काहीच दिसलं नाही, तर लाल समजायचं. पोरीने एका दमात पाठ केलं.

माझी बायको मीराबाई हसते आहे. "रिटायर झाले, पन ड्युटी सुटत नाही तुमची!" हसू दे.

२३ जून

सकाळी पावणेसातला हिरवी. मी माझा हिरवा टॉवेल हलवला. योगिता गुजरातीत ओरडली, "बधुं बराबर, आबा!" सगळं ठीक. झकास.

२४ जून

हिरवी.

३ जुलै, गुरुवार

शाळेच्या बाई घरी येऊन गेल्या. दोन आठवड्यांत योगिता फक्त तीन दिवस शाळेत! सकाळी मला हिरवी दाखवते, कोपऱ्यापर्यंत जाते आणि परत येऊन दाराआड बसते. मांडीवर दोन्ही झेंड्या. का, तर मधेच लाल दाखवावी लागली तर?

मीराबाई आज हसली नाही. ताट आपटून म्हणाली, "दहा वर्साच्या पोरीले ड्युटीवर लावलं तुम्ही! तिले सुट्टी कोन देईन?"

मला मोठी हुशारी वाटत होती स्वतःची. लाज वाटली. जेवण गेलं नाही.

४ जुलै

त्यांच्या घरी गेलो. सुषमा खाली बसून मजुरीवर आणलेल्या साड्यांचे लोंबते धागे कापत होती. योगिताला म्हणालो, "आजपासून चार्ज माझ्याकडे. तुझी ड्युटी संपली." तिने झेंड्या पाठीमागे लपवल्या. "मी नीट करेन आबा. आता चूक नाही होणार."

आता? मग हळूहळू निघालं. गेल्या वर्षी फ्रॉकसाठी ही आईशी भांडली, आणि दुसऱ्याच दिवशी आईचं बिनसलं. म्हणजे सगळं हिच्यामुळे! वर्षभर हे पोटात ठेवून बसली होती पोर.

मी म्हटलं, "मला शुगर आहे. ती काय तुझ्यामुळे झाली?"

विचार केला तिने. "नाही. ती जिलेबीमुळे!"

मीराबाईने शिकवलेलं दिसतंय! पण पोर हसली एकदाची. मग सरळ सांगितलं — आईला आजार आहे. भांडणाने झाला नाही आणि तू पहारा दिल्याने जाणार नाही. गोळ्या बाबा बघतील. सकाळी मीराबाई येऊन बसेल, तीही साड्या आणते आहे धागे कापायला. तू शाळेत जा, खेळ. सकाळची हिरवी मात्र दाखव, मला करमत नाही.

सुषमाची कात्री चालूच होती. तिचं काही लक्ष नसावं. झेंड्या तिथेच दारामागच्या खिळ्याला लावून आलो.

१९ जुलै

मीराबाई आणि सुषमा गप्पा मारतात. म्हणजे मीराबाई मारते. पण काल सुषमाने विचारलं म्हणे, "काकांना भाकरी कडक लागते का मऊ?" प्रगती आहे!

९ ऑगस्ट, शनिवार

पावणेसात झाले, सात झाले — हिरवी नाही! काहीच दिसलं नाही तर लाल, नियम माझाच. चप्पल न घालता धावलो. सुषमा चहा गाळत होती. "योगिता? ती कवाच गई. लंगडीनी मॅच शे." विसरली! साफ विसरली मला! दारातच हसत सुटलो. सुषमाने मलाही कपभर चहा दिला. साखरेचा. प्यालो. मीराबाईला सांगणार नाही.

२ सप्टेंबर, मंगळवार

आठ वाजून दहा मिनिटं. समोरच्या दारात लाल! मीराबाई अजून तिकडे गेली नव्हती, सुपडू लूमवर, योगिता शाळेत. मग दाखवतंय कोण?

सुषमा. हात लांब करून, झेंडी पूर्ण उघडून. मी पोचेपर्यंत हात खाली नाही घेतला.

"काका, कालपाईन कानमा आवाज येवाले लागनात. पोर शाळामाईन येवाना पहिले माले डॉक्टरकडे लई चला."

रिक्षा केली, मीराबाई बरोबर. डॉक्टर म्हणाले, बरं झालं लगेच आलात. गोळी वाढवली, घरीच राहू दे म्हणाले. संध्याकाळी सुपडूला सगळं सांगितलं. त्याने झेंडी उचलून परत खिळ्याला लावली. पोरीला गावी धाडायचं नाव काढलं नाही.

आम्ही सगळे तिच्यावर नजर ठेवून होतो. तुला कसं वाटतंय, हे तिलाच विचारायचं मात्र एकालाही सुचलं नाही.