बाईसाहेबांची लाली आणि चोवीस लंगोट

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा शिरसाष्टांग नमस्कार. (हात धुऊन लिहायला बसलोय. तरी कागदावर कुठे पांढरा डाग दिसला तर तो रंगाचा नसून मलमाचा आहे असं समज. सध्या आमच्या घरात दाराच्या कडीपासून आईच्या चष्म्यापर्यंत सगळीकडे तो आहे.) तुझी कंबर कशी आहे? भाऊजींचा खोकला गेला, की अजून ठाण मांडून बसलाय? त्यांना नमस्कार सांग, आणि हे पत्र मोठ्याने वाचून दाखवणार असशील तर आधी एकदा मनातल्या मनात वाच. इकडे सर्व ठीक. आई बरी आहे, तुझी भावजय बरी आहे, मी उभा आहे. आमच्या चिमुकल्या बाईसाहेबही बऱ्या आहेत, म्हणजे वरच्या अर्ध्या भागात. खालच्या अर्ध्यासाठी हे पत्र.

तू आलीस तेव्हा बाईसाहेबांना नुकताच चौथा महिना लागला होता आणि बुडावर बटणाएवढी लाली होती. तू गेल्यापासून ती वाढत वाढत मांड्यांच्या घडीत शिरली, आणि तिच्या कडेने बारीक लाल ठिपके उठले. मी वीस वर्षं लोकांची घरं रंगवतोय, लाल रंगाच्या किती तऱ्हा गिऱ्हाइकांना दाखवल्या असतील, पण ही तऱ्हा कुठल्याच कार्डावर नाही आणि नसो. डायपर सोडायला लागलं की पोरगी आधी माझ्याकडे बघते, मग खालचा ओठ बाहेर काढते, मग एक मोठा श्वास घेते, आणि त्या श्वासानंतर काय होतं ते वरच्या मजल्यावरच्या काकूंनाही पाठ झालंय. ताई, भिंत रडत नाही हे किती बरं आहे हे मला या सहा आठवड्यांत कळलं. तिचं रडणं ऐकलं की मी उगाच घरातल्या माणसांवर खेकसतो.

उपचार म्हणशील तर कशालाच तोटा नव्हता. तोटा होता तो एकमेकांना सांगण्याचा. तुझी भावजय गुलाबी नळीतलं क्रीम लावायची. मी औषधाच्या दुकानातून पांढरं जाड मलम आणलं होतं (डबा उघडून बोटाने बघितलं तेव्हाच पटलं, माल चांगला, झाकणशक्ती उत्तम), ते मी तिच्या क्रीमवर लावायचो. आम्ही दोघं वळलो की आई वरून पावडर भुरभुरवायची, कारण तिच्या मते तू आणि मी पावडरीवरच वाढलो आणि आपल्याला काय झालं? आणि दुपारी तासभर बाईसाहेबांना सांभाळायला वरच्या काकू येतात, त्या जाता जाता तेलाचा हात फिरवून जात. वर दर वेळी पुसायला त्या वासाच्या ओल्या पुसण्या. त्यांच्या पाकिटावर हसणारं बाळ आहे. ते का हसतंय ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. चौघांनाही वाटत होतं की जो काही थोडाफार गुण येतोय तो आपल्यामुळे, आणि वाढतंय ते दुसऱ्यांनी नीट न पुसल्यामुळे.

आता तू म्हणशील, मूल आहे, लाली होते, जाते, त्यात पत्र लिहिण्यासारखं काय? तर तुझ्या भावजयीची रजा येत्या रविवारी संपते. चष्म्याच्या कारखान्यात ती भिंगं तपासते हे तुला माहीत आहेच. केसाएवढा चरा दिसला तर भिंग बाद. (असल्या नजरेच्या बाईशी संसार करणं म्हणजे काय, ते भाऊजींना विचारू नकोस, त्यांना कल्पना नाही.) सोमवारी हजर झाली नाही तर तिच्या खुर्चीवर दुसरी बसेल असं तिच्या साहेबांनी गोड शब्दांत कळवलंय. म्हणून गेल्या आठवड्यात आम्ही बाईसाहेबांना नवे कपडे घालून पाळणाघरात घेऊन गेलो. पाळणाघराच्या बाईंनी तिचं कौतुक केलं, गाल ओढले, आणि मग सराईतपणे डायपरची एक कड उचलून आत पाहिलं. चेहरा जराही न बदलता म्हणाल्या, हे पूर्ण बरं झाल्याशिवाय मी घेणार नाही. घरी आल्यावर तुझ्या भावजयीने आधीच स्वच्छ असलेली ताटं पुन्हा घासली. तिला ती खुर्ची किती हवी आहे हे मला त्या ताटांच्या आवाजावरून कळलं.

इथे मधेच तुझ्या-माझ्या भांडणाचा विषय काढणं भाग आहे. तो टाळून पुढे जाता येईल का ते मी कालपासून बघतोय, नाही येत. तू गेलीस त्या सकाळी तू एवढंच म्हणाली होतीस की पोरीला थोडा वेळ मोकळी ठेवा, अंग कोरडं होऊ द्या, मग काय फासायचं ते फासा. आणि मी उचलली जीभ लावली टाळ्याला. तुझं जुनं शास्त्र तुझ्यापाशी ठेव म्हणालो. तुला मूल नाही, तुला काय कळतंय, असंही म्हणालो. (हे वाक्य मी इथे पुन्हा लिहिलं, कारण ते मी बोललोच नाही असं मला अलीकडे वाटायला लागलं होतं.) तू पिशवी भरलीस आणि दोन दिवस आधीच निघालीस. त्याबाबत माझं म्हणणं असं की तो दिवस वाईट होता, झोप नव्हती, आणि मुद्दा जरी तुझा असला तरी घर माझं होतं. असो. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही असं आई म्हणते, ती कोणाबद्दल म्हणते ते मी विचारत नाही.

तर काल दवाखान्यात गेलो. अख्खी वरात: बाईसाहेब, त्यांच्या मातोश्री, आपली आई आणि मी. (काकूंनाही यायचं होतं, त्यांना मी जिन्यात गाठून परत पाठवलं.) डॉक्टर आत दुसऱ्या कोणाला तपासत होते, म्हणून आधी परिचारिकाबाईंनी बाईसाहेबांना टेबलावर घेतलं. पन्नाशीच्या, जाड आवाजाच्या, बाह्या दुमडलेल्या. त्यांनी कोमट पाण्यात कापूस बुडवला आणि हलक्या हाताने पुसायला लागल्या. आधी निघाला तेलकट थर. त्याखाली पावडरीचे ओलसर गोळे. त्याखाली माझं मलम. त्याखाली गुलाबी क्रीम. कापसाचे बोळे बदलत त्या एकेक थर काढत होत्या, आणि आम्ही तिघं भिंतीला लागून उभे होतो. प्रत्येक थराला कोणीतरी एकजण खाली बघत होतं. खाई त्याला खवखवे. तेलाला बघायला काकू नव्हत्या, तर त्यांच्या वाटचंही आईच खाली बघून घेत होती.

सगळं निघाल्यावर बाईंनी मला विचारलं, तुम्ही काय करता? मी म्हटलं, रंगारी आहे. घरं रंगवतो. त्या म्हणाल्या, मग ओल्या भिंतीवर रंग देता का?

ताई, मी काय सांगू. वीस वर्षं मी प्रत्येक गिऱ्हाइकाला हेच सांगत आलोय. साहेब, आधी ओल बघा, पोपडे खरवडा, भिंत सुकू द्या, तिला वारा लागू द्या, मग भेगा बुजवायला लांबी, मग रंग. ओलीवर रंगाचे हात मारले तर आतून फुगणार. एका शिक्षिकाबाईंना तर मी पंधरा दिवस थांबवलं होतं, त्यांच्याकडे पाहुणे येणार होते तरी. आणि स्वतःच्या पोरीच्या अंगावर सहा आठवडे ओल्यावर हात देत होतो, एकावर एक, चार. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. तुझी भावजय माझ्याकडे बघत होती. भिंग बाद करताना ती जशी बघते ना, तशी.

मग डॉक्टरांनी बघितलं. घडीत ठिपके आहेत म्हणजे साध्या लालीवर बुरशी धरली आहे म्हणाले, आणि तिचं वेगळं मलम लिहून दिलं. बाकी सगळं बंद: पावडर बंद, तेल बंद, गुलाबी नळी बंद, वासाच्या पुसण्या तर आधी बंद. दर वेळी साध्या पाण्याने धुवायचं, घासायचं नाही, टिपायचं, पंधरा मिनिटं उघडं ठेवायचं, आणि पूर्ण कोरडं झालं की मगच औषधाचा पातळ हात. घरात असेपर्यंत डायपरऐवजी मऊ सुती कापडाचे लंगोट, ओला झाला की लगेच बदलायचा. असं केलं तर रविवारपर्यंत बराच फरक पडेल म्हणाले. म्हणजे तू जे फुकट सांगितलं होतंस, ते दवाखान्यातून लिहून आणलं.

कालपासून बाईसाहेब चटईवर उघड्या पडून असतात, पाय हवेत, चेहरा प्रसन्न. आज सकाळी धुतलं तेव्हा ओठ बाहेर काढला, श्वास घेतला, आणि रडायच्या ऐवजी शिंकली. आम्ही तिघंही एकदम हसलो आणि लगेच गप्प झालो, कारण हसायची सवय गेली आहे.

तेव्हा इकडची काळजी करू नकोस. कंबरेला शेक. भाऊजींना सांभाळ.

तुझा,
धाकटा

ता. क. तुझा डबा आमच्याकडे राहिलाय. धुऊन ठेवलाय.

ता. क. २. खरं सांगायचं तर पत्र डब्यासाठी नाही. दवाखान्यातून आल्या आल्या तुझी भावजय म्हणाली, वन्संनी हाताने शिवून आणलेले दोन डझन लंगोट कुठेत? मी म्हटलं, बघतो. कालपासून बघतोय. ताई, ते मला सापडणार नाहीत, कारण ते कुठे आहेत हे मला माहीत आहे. तू गेलीस त्या दिवशी माझं डोकं फिरलं होतं, आणि कामावर फडकी संपली होती. कापड इतकं मऊ होतं ना, की खिडक्यांच्या काचेवरचे रंगाचे थेंब एका हातात निघत होते. आता ते चोवीसही माझ्या कामाच्या पिशवीत, हिरवे आणि पिवळे. ही गोष्ट घरात कोणालाही ठाऊक नाही. तर आणखी दोन डझन शिवून आणशील का? पार्सल नको, पार्सल ही उघडेल. तूच ये. रविवारच्या आत ये.

ता. क. ३. मूल नाही म्हणून काय कळतंय असं मी ज्या बाईला म्हणालो, तिने मला दोन वर्षांचा असल्यापासून धुतलं, पुसलं, कोरडं केलं. आई कामावर जायची तेव्हा. मी चुकलो, ताई. हे पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं, पण तिथवर पोचायला मला एवढी पानं लागली.

(पुढचं वेगळ्या अक्षरात आहे.)

वन्संना नमस्कार. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलंय, आणि पाकीट न वाचता चिकटवणं मला येत नाही. पिशवी मी तुम्ही गेलात त्याच आठवड्यात पाहिली होती. हे कधी बोलतात याची वाट बघत होते, काल तर तोंडावर विचारलं, तरी नाहीच बोलले. लंगोट आणू नका, मी काल रात्रीच शिवले. यांचे ते दोन पांढरे सुती सदरे होते ना, लग्नकार्याला घालायचे, ते फाडून बरोबर चोवीस झाले. कापड मऊ आहे, बाळाला मानवेल. यांना अजून कळलेलं नाही, एवढ्यात सांगू नका.

तुम्ही मात्र याच. ठिपके ओसरायला लागलेत, पण सोमवारी मी खुर्चीवर जाऊन बसले की घरात कोरडं म्हणजे काय ते कळणारं एक तरी माणूस हवं.