चालत्या गाडीवरचा नमस्कार

मंगळवार, संध्याकाळ

आज आमच्या तात्यापारा मोहल्ल्यातल्या सभेत माझ्या लेकीने, मुक्ताने, आपलं संशोधन मांडलं. विषय: मंदिर दिसताच चालत्या गाडीवर दोन्ही हात सोडून नमस्कार करणारे लोक. दोन्ही हात! शेजारचे वामनभैया उसळले, "काहून वो पोट्टी, आता देवाले हातही जोडू नाही?"

माझी जीभ शिवशिवली. तरी गप्प का बसलो? उत्तर तिनेच द्यावं म्हणून.

"जोडा ना काका, पण गाडी थांबवून. देव कुठं पळून राहिला?"

सगळे हसले. वामनभैया नाही.

परतताना तेच मंदिरापुढे दिसले. स्कूटर कडेला उभी, दोन्ही हात जोडलेले. माझ्या भाषणांना आयुष्यभर टाळ्या पडल्या, पण कुणाची गाडी थांबली नव्हती. लेकीने थांबवली!