कापलेलं कडवं

मंगळवार, चौदा तारीख
दुपार

प्रिय चिमणे,

अनेक आशीर्वाद. गुडघा कसा आहे? माझं ठीक चाललंय. डोळ्यांत थेंब घालतो आणि खिडकीत बसून शाळेतल्या कविता म्हणतो. सूनबाई म्हणते, "बाबा, आता शेजाऱ्यांच्याही पाठ झाल्या."

तिनेच परवा एक डिस्क आणली. आपल्या शाळेत ज्याचं शूटिंग झालं होतं ना, तो सिनेमा पुन्हा निघालाय. मूळ निगेटिव्हवरून, धुऊनपुसून लख्ख. वेष्टनावर लिहिलंय, 'एकही दृश्य न गाळता'. ते वाचलं आणि माझा चहा बशीत सांडला.

पहिल्या खेळाला तू मैत्रिणींची अख्खी रांग घेऊन आली होतीस. मी वर थिएटरच्या केबिनमध्ये प्रोजेक्टरवर, नवा नवा ऑपरेटर. तू कविता म्हणतेस तो वर्गाचा प्रसंग आला आणि गेला, तू दिसलीच नाहीस. बाहेर एकजण म्हणाली, "काय गं हिरॉईन, बाकाखाली लपली होतीस का?" मी जिना उतरून मोठ्या भावाच्या थाटात म्हणालो, "एडिटर कापतात गं असं. मनाला लावून घेऊ नकोस."

तू लावून घेतलंस. पुन्हा कविता म्हणून म्हटली नाहीस. आईने हात जोडले तरी नाही.

चिमणे, एडिटरने काही कापलं नव्हतं.

आदल्या दिवशी रिळं आली, ती तपासताना तू सापडलीस. मी दोन ठिकाणी कात्री लावली आणि टोकं चिकटवून टाकली. जोड इतका सफाईदार होता की मालकालाही कळला नाही. तेव्हा मला त्या जोडाचं कौतुक वाटलं होतं, हेही लिहून टाकतो.

का कापलं? ती कविता मला माझी वाटायची. चाल मी लावलेली, कुठे श्वास घ्यायचा ते तुला मी शिकवलेलं. शाळा सोडून दोन वर्षं झाली तरी मास्तरांनी शूटिंगसाठी मला मुद्दाम बोलावलं होतं. दिग्दर्शकाने दोघांचंही ऐकलं आणि बोट तुझ्याकडे केलं. मला म्हणाला, "तू दिव्यामागे थांब. ती अडली तर सांग." बस, एवढंच. एवढ्यासाठी.

तो तुकडा मी पत्र्याच्या डबीत ठेवला होता. काल उघडली. आंबूस वास, फिल्म वाकडीतिकडी, तुझा चेहरा गुलाबी पडून पुसट झालेला. खिडकीशी धरूनही काही दिसेना. मग सूनबाई बाहेर गेल्यावर डिस्क लावली.

चाळिसाव्या मिनिटाला वर्ग येतो. दोन वेण्या, उसवलेली बाही. पहिलं कडवं तू छान म्हणतेस. दुसऱ्याला अडतेस. कॅमेरा सोडून जरा डावीकडे बघतेस, हसतेस, आणि पुढचा शब्द बरोबर येतो. डावीकडे दिव्यामागे मी उभा होतो. शब्द मीच सांगितला होता.

सिनेमाभर कुणी कुणाकडे इतक्या विश्वासाने बघितलेलं नाही.

डिस्क सोबत पाठवतोय. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी तुला माझ्याकडून कळावं. भाच्याला लावून द्यायला सांग. त्यालाही बघू दे, नातवंडांनाही. मी काय केलं तेही त्यांना सांगितलंस तरी माझी ना नाही.

खाली 'तुझा दादा' असं लिहायला घेतलं होतं. पेन थांबलं. ती जागा मोकळी सोडतोय. चाळिसावं मिनिट बघून झालं, की तिथे काय लिहायचं ते तू सांग.

तुझा